जुन्या लोहखाणीवर दगड ओळखताना या चुका टाळा

पुण्यात वाढलेल्या माणसाचा डोळा काळ्या दगडावर बसलेला असतो. वेताळ टेकडीची जुनी खाण, सिंहगडाचा कडा, स्लॅबमधली खडी, सगळा बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हाच डोळा घेऊन तळकोकणात रेडीच्या बाजूला एखाद्या बंद खाणीवर गेलं की फसगत ठरलेली. पहिल्या फेरीत मी पिशवीभर ‘लोहखनिज’ वाहून आणलं, निम्मा साधा जांभा निघाला.

लाल दिसलं की लोखंड, असं धरू नका. जांभ्यातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) पावसाने धुऊन नेलेली असते, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात, रंग त्याचाच. म्हणून जांभ्याला अगदीच हिणवायचंही कारण नाही. महाबळेश्वरच्या पठारावर धावड लोक जांभ्यातलंच खनिज कोळशाच्या भट्टीत वितळवून लोखंड काढत. आजच्या खाणीला मात्र एवढ्या कमी लोहावर परवडत नाही. उलट चांगला हेमॅटाइट (लोखंडाचं मुख्य खनिज) कित्येकदा लाल नसतोच. पोलादी करडा, चकचकीत असतो आणि नवखा माणूस तो बाजूला टाकतो.

रंग नको, कस बघा. कस म्हणजे खनिजाच्या भुकटीचा रंग. पांढऱ्या टाइलची मागची, झिलई नसलेली बाजू घ्या. (पुढच्या गुळगुळीत बाजूवर घासत बसणारेही पाहिलेत.) दगडाचा कोपरा दाबून ओढा. तांबडी, विटेच्या चुऱ्यासारखी रेघ आली तर हेमॅटाइट, काळी आली तर मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज), पिवळट तपकिरी आली तर गोएथाइट (गंजासारखं लोहखनिज). माझं चुकलं ते असं, की मी दगड न फोडता वरचं कवचच घासलं. कवच गंजलेलं, त्यामुळे रेघ पिवळी आली आणि आतला उत्तम हेमॅटाइट मी टाकून दिला. आधी हातोडीने ताजी बाजू काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच, चिलपी उडते.

चुंबकावर विसंबू नका. जुन्या बाजारातून स्पीकरचं चुंबक आणून मी आधी घरातल्या दगडांवर चालवलं. दोरीला टांगलेलं ते चुंबक वेताळ टेकडीच्या बेसॉल्टकडेही हलकेच ओढलं जातं, कारण त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. शुद्ध हेमॅटाइटकडे मात्र ते ढुंकूनही बघत नाही, आणि त्यात तर जवळजवळ 70 टक्के लोह! आणखी एक गंमत म्हणजे मार्टाइट: आठ पैलूंचा स्फटिक मॅग्नेटाइटचा, कस मात्र तांबडा. मूळच्या मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटाइट झालेला. घरावर पाटी जुन्या मालकाची, राहतो दुसराच. जोरदार मॅग्नेटाइट जवळ असेल तर मोबाइलमधलं होकायंत्रही खुशाल खोटं बोलतं.

वजन हाताला कळतंच. हेमॅटाइटची घनता 5 च्या वर, बेसॉल्टची 3 च्या आसपास.

ढिगाऱ्यावरून खाण जोखू नका. ढिगारा म्हणजे खाणवाल्यांनी नको म्हणून फेकलेला माल. खरी गोष्ट भिंतीत असते: गडद लोहाचा एक थर, फिका सिलिकेचा एक थर, असे पट्टे. प्राचीन समुद्रात विरघळलेलं लोह ऑक्सिजन मिळताच तळाशी बसत गेलं. भारतातले असे बहुतेक खडक 250 कोटी वर्षांहून जुने आहेत. पुढे वरून झिरपलेल्या पाण्याने सिलिका नेली आणि लोहाचं प्रमाण वाढलं. म्हणून वरचा माल भुसभुशीत पण कसदार. खाली जावं तसा खडक टणक आणि खनिज गरीब. छोट्या खाणीचा चांगला माल असा लवकर आटोपतो.

ही भिंत लांबूनच बघा, परवानगी काढून. पाणी साचलेल्या खड्ड्याचा काठ खालून पोखरलेला असतो आणि पावसाळ्यात तो कधी बसेल सांगता येत नाही.

दगड उचलला की तिथेच त्यावर नंबर टाका, वहीत जागा लिहा. माझ्याकडे एक करडा, तांबड्या कसाचा, भारी देखणा तुकडा आहे. कुठल्या थरातला, ते लिहायचं राहिलं. सध्या बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवलाय.