दिवाळीला गाडीने विदर्भात निघताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या हडपसरच्या गॅरेजमध्ये अर्धी गर्दी विदर्भाकडच्या लोकांची असते. अकोला, अमरावती, यवतमाळ, नागपूर. मी मूळचा आर्वीचा, त्यामुळे 'आपला माणूस' म्हणून सगळे हक्काने येतात आणि हक्काने घाई करतात. रेल्वेचं वेटिंग हलत नाही, ट्रॅव्हल्सचं तिकीट विचारायची सोय नाही, मग आई-वडील, दोन पोरं आणि फराळाचे डबे घेऊन घरच्या गाडीने पाचशे ते सातशे किलोमीटर. याला माझी काही हरकत नाही, मीही तसाच जातो. तक्रार आहे ती दरवर्षी तेच तेच घोळ निस्तरायला लागतात त्याची. आणि हे घोळ वाटेत होत नाहीत, निघायच्या आधी पुण्यातच झालेले असतात.

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग

"दादा, उद्या पहाटे निघायचंय, फक्त ऑइल बदलून द्या, बाकी गाडी मख्खन आहे." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मी पाटीच लावली: 'उद्याच्या प्रवासाचं सर्व्हिसिंग आज करून मिळणार नाही. वाद घालू नये.' लोक पाटीचा फोटो काढतात, हसतात आणि त्याच पाटीखाली उभं राहून वाद घालतात.

कारण साधं आहे. गाडी उघडली की तिला पुन्हा बसायला वेळ लागतो. ऑइल फिल्टरचा वायसर नीट बसला नसेल तर ते लिफ्टवर दिसत नाही, दोन दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर डाग पडतो तेव्हा दिसतं. नवीन ब्रेक पॅड डिस्कला घासून बसेपर्यंत ब्रेक थोडा वेगळाच लागतो. चाकं काढून लावली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा आवळावे लागतात. हे सगळं पुण्यातच निस्तरलेलं बरं. शिरूरच्या पुढे ओळखीचा मेकॅनिक शोधत बसायची वेळ येऊ नये. म्हणून काम निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी करा, नंतर त्याच गाडीने ऑफिसला जा. काही कुरकुर असेल तर ती मगरपट्ट्याच्या सिग्नलला ऐकू येईल.

'समृद्धीवर टायर तापतं, हवा कमी ठेवा'

आता माझा खरा राग. हा सल्ला कुणी पहिल्यांदा दिला कुणास ठाऊक, पण व्हॉट्सअॅपवरून तो प्रत्येक घरात पोचलाय. समृद्धी महामार्गाचा सिमेंटचा रस्ता तापतो, त्याने टायर तापतं, आतली हवा फुगते आणि टायर फुटतं; म्हणून चार-पाच पॉइंट (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा कमी ठेवायची. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच घात करतं.

होतं नेमकं उलटं. 120 च्या वेगात गाडीचं चाक सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत रस्त्यापाशी दबते आणि पुन्हा सुटते. हवा कमी असली की ती जास्त दबते. जास्त दबली की जास्त तापते. रस्त्याच्या उन्हापेक्षा ही आतली उष्णता टायरला मारते. रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते, मग टायर जातं. बरोबर हवेच्या टायरमध्येही चालताना चार-पाच पॉइंट वाढतातच, कंपनीने ते धरूनच टायर केलेलं असतं. वाटेत थांबून 'वाढली' म्हणून हवा सोडणारे लोकही मी पाहिलेत. त्यांच्याशी बोलणं मी सोडून दिलंय.

माझा मावसभाऊ याच सल्ल्याचा. एका दिवाळीला आम्ही दोन गाड्यांनी निघालो होतो, तो पिंपळे सौदागरहून चाकण-शिक्रापूरमार्गे आला, आमची भेट नगरला नाष्ट्याला. त्याने पुण्यातच पंपावरच्या पोराला सांगून चारही चाकं 26 वर आणली होती. गाडीत पाच माणसं, डिकी छतापर्यंत भरलेली, वर कॅरियरवर दोन बॅगा. मला यातलं काही त्याने सांगितलं नाही. जालना मागे टाकल्यावर दुपारच्या उन्हात मी त्याच्या मागे होतो तेव्हा त्याचं मागचं डावं चाक बसल्यासारखं दिसलं. मी लाइट मारले. त्याला वाटलं मला पुढे जायचंय; त्याने हात बाहेर काढून 'जा जा' केलं. मिनिटभरात धाडकन आवाज झाला आणि टायरचा पट्टाच्या पट्टा माझ्या बॉनेटवर आला. भाऊ गाडी चांगली चालवतो, त्याने ब्रेक दाबला नाही, स्टेअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली. नाहीतर हे मी गमतीने लिहीत नसतो.

मग खरा तमाशा सुरू झाला. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर अख्खं घर. चकलीचा डबा, अनारशांचा डबा, मावशीची औषधांची पिशवी, इस्त्रीच्या साड्या, सगळं रेलिंगपलीकडे गवतावर मांडलं. स्टेपनी निघाली तर तिच्यात हवा बाराच पॉइंट. ती माझ्या लायटरला लावायच्या पंपाने भरली. मग कळलं की चारही चाकांना, चोरीला जाऊ नयेत म्हणून, एकेक लॉकचा नट आहे, आणि त्याची चावी पुण्यात, फ्लॅटमध्ये, 'कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये'. शेवटी महामार्गाच्या मदत गाडीवरच्या माणसाने थोडा लहान मापाचा सॉकेट हातोडीने त्या नटावर ठोकून बसवला आणि नट फोडला. तोवर दोन-अडीच तास गेले होते, पोरांनी चकल्यांचा डबा अर्धा केला होता, आणि मावशी म्हणत होती, "मंग आता गावाले काय न्याचं, रिकामे डबे?"

तेव्हा हवेबद्दल माझी सवय सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. सामान भरलंय तर दुसरा आकडा पाळा, मागच्या चाकांना तो बहुतेक गाड्यांत जास्तच असतो. हवा थंड टायरला, म्हणजे सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजायची. पाच किलोमीटरवरच्या पंपावर जाऊन मोजलेली हवा थंड टायरची नव्हे. हवा मोजायचा हातातला गेज काही फार महाग नाही, फटाक्यांच्या एका पिशवीतून येईल. नायट्रोजन भरायचा तर भरा. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे नायट्रोजन भरला म्हणजे तपासायला नको, असं होत नाही.

टायर वरून छान दिसतं म्हणून चांगलं असतं असंही नाही. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. 3418 म्हणजे 2018 सालचा 34 वा आठवडा. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीची नक्षी दहा वर्षंही टिकेल, रबर टिकत नाही. सहा वर्षांच्या पुढचं टायर मी समृद्धीवर नेत नाही, कुणी कितीही 'अजून खूप माल शिल्लक आहे' म्हटलं तरी. स्टेपनीचाही हाच नियम. तिची हवा बाकीच्या चाकांबरोबर बघा, आणि लॉक नटाची चावी पान्याच्या पिशवीतच ठेवा.

ऑफिस सुटल्यावर निघणं

'सुट्टी वाचते.' मान्य. पण हिशेब बघा. शुक्रवारी सात वाजता निघालेला माणूस वाघोलीच्या गर्दीतून नऊला बाहेर पडतो, नगरला जेवतो, संभाजीनगरजवळ समृद्धीला लागतो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे दिवसभर काम करून, पोटभर जेवून, रात्री दोन ते पाचच्या झोपेच्या ऐन वेळेला तो सगळ्यात सरळ रस्त्यावर येतो.

नागपूर ते शिर्डी समृद्धी 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि पुढे 5 जून 2025 ला मुंबईकडचा शेवटचा टप्पा होऊन 701 किलोमीटर पूर्ण झाला. त्याआधी आपण सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा करत जायचो. खड्डे होते, ट्रॅक्टर होते, गुरं होती, पण तो रस्ता झोपू देत नव्हता. दर अर्ध्या तासाला चहा दिसायचा. आता वळण नाही, सिग्नल नाही, समोर पांढरा पट्टा. डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं. 30 जून-1 जुलै 2023 च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, 25 माणसं गेली. तेव्हाही मध्यरात्र उलटून गेलेली होती. गाडी चालवता येणं आणि रात्रभर जागं राहणं यांचा काही संबंध नाही, हे नव्याने गाडी घेतलेल्यांना पटत नाही. मोठ्याने गाणी लावून, काच उघडून झोप जाते असं त्यांना वाटतं. नाही जात.

मी रात्री नऊला झोपतो आणि पहाटे साडेचारला निघतो. हडपसरकडून जाणार असाल तर थेऊर फाट्यावरून केसनंद करत लोणीकंदला निघा, वाघोली टळते. सातच्या सुमाराला नगर, दहाच्या आसपास समृद्धी. तिथे दर दीड-दोन तासांनी थांबायचं, लघवी लागलेली असो वा नसो. तेही महामार्गाच्या सोयीच्या जागीच, कडेला गाडी लावून चिवडा खात नाही. गाडी बंदच पडली तर आधी सगळ्यांना रेलिंगपलीकडे काढायचं, धोक्याचा लाल त्रिकोण मागे लांब ठेवायचा, मग बॉनेट उघडायचं. बहुतेक लोक हा क्रम बरोबर उलटा करतात.

बाकीच्या, थोडक्यात

फास्टॅगचा वार्षिक पास घेतला म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्गांच्या टोलला चालतो; समृद्धी राज्याचा आहे, तिथे टोल फास्टॅगच्या नेहमीच्या शिलकीतून कटतो. शिल्लक आणि केवायसी दोन्ही आधी बघा.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी अर्धी तरी भरलेली ठेवावी. सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का तेही बघा, हे कुणीच बघत नाही.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या. पुण्यात ती रोज ढकलत-ढकलत चालते, गावी दोन दिवस उभी राहिली की नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मान टाकते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतू नका. 'थोडंसंच टाकलं' हेही नको.

लहान पोराला पुढे मांडीवर घेऊन बसू नये. 'आम्ही लहानपणी असेच जायचो' हे मला सांगू नका. तेव्हा गाडी साठने जायची आणि पुढे एअरबॅग नव्हती.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी द्यायची. पहिली उलटी झाल्यावर दिलेली गोळी दुसऱ्या उलटीबरोबर बाहेर येते.

म्हाताऱ्या माणसांची औषधं, पाण्याची बाटली आणि टॉर्च हातापाशी, डिकीत नाही. डिकी भरताना जॅक आणि पाना सगळ्यात शेवटी, म्हणजे वर.

आणि येतानाचं वजन. जाताना फक्त फराळ असतो; येताना अर्धं पोतं तुरीची डाळ, गहू, संत्र्यांच्या पेट्या आणि आईने 'एवढंसंच' म्हणून दिलेलं काय काय. मागचं चाक गावातून निघतानाच दबलेलं असतं आणि कुणी बघत नाही. पेट्या चढल्या की स्टिकरवरच्या दुसऱ्या आकड्याएवढी हवा आहे ना, ते अंगणातच बघा. एवढं करूनही मागचा बंपर खाली बसलेला दिसला तर डाळीचं पोतं ट्रान्सपोर्टने पाठवा, दोन-चार दिवसांत पुण्यात पोचतं.