गरोदरपणात घरातले थॅलेट कमी करायचे तर आधी फरशीकडे बघा

प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट गटातली रसायनं घालतात. पीव्हीसीशी ती रासायनिकरीत्या जोडलेली नसतात, त्यामुळे हळूहळू सुटून अन्नात आणि धुळीत उतरतात. आईच्या शरीरातून वार ओलांडून ती गर्भापर्यंतही जातात. न्यूयॉर्कमधल्या माता-बालकांच्या अभ्यासात (२०१४) गरोदरपणी आईच्या लघवीत ब्यूटिल बेंझिल थॅलेटचे अंश जास्त असले, तर पुढे मुलात दमा जास्त आढळला. उंदरांत तर श्वासमार्गाची ॲलर्जिक सूज दोन पिढ्यांपर्यंत वाढलेली दिसली (२०१८). माणसांत हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नाही. घबराट नको, पण जे सहज टाळता येतं ते टाळावं.

स्वयंपाकघराचं काम सोपं आहे. गरम किंवा तेलकट-तुपकट काहीही प्लास्टिकमध्ये ठेवू नका, काच किंवा स्टील वापरा. डब्यावरच्या ‘बीपीए-फ्री’ला भुलू नका, बीपीए हे प्लास्टिकमधलं दुसरंच रसायन, ते वेगळं आणि थॅलेट वेगळे. सुगंधातही थॅलेट असू शकतात, म्हणून सुगंधी फवारे, रूम फ्रेशनर बंद.

आता खरी डोकेदुखी: धूळ. लोक बाटल्या बदलतात आणि पायाखालचं व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचंच अंथरलेलं आवरण, विसरतात. स्वीडनमधल्या अभ्यासात (२००४) घरातल्या धुळीतल्या थॅलेटचा मुलांच्या दमा, ॲलर्जीची सर्दी आणि एक्झिमा (त्वचेची खाज-पुरळ) यांच्याशी संबंध दिसला होता. कोरडा झाडू मारला की हीच धूळ नाकाच्या उंचीवर येते. म्हणून ओल्या फडक्यानेच पुसा. व्हॅक्यूम वापरायचा तर अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचाच, नाहीतर बारीक धूळ मागून परत खोलीत. पलंगाखाली आणि खिडकीच्या कडांवर फडकं फिरलं नसेल तर पुसलं असं म्हणूच नका.

व्हिनाइल आधीच अंथरलेलं असेल तर काय, या प्रश्नाने मला फार छळलं. पुसून, खिडक्या उघडून झालं तरी एका खोलीतला गोडसर, डोकं धरणारा वास जाईना. कारण खाली होतं. ओलसर काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याच्या संपर्कात डीईएचपी नावाचं थॅलेट फुटतं आणि २-इथिलहेक्झानॉल हे वासाचं रसायन हवेत येतं. वर कितीही पुसा, खालची ओल थांबेपर्यंत वास राहतो. अशी खोली झोपायला वापरू नका. ‘मग उखडूनच टाका’ हा सल्ला मी सरसकट ऐकते आणि मला तो मूर्खपणाचा वाटतो. उखडताना धूळ उडते, जुन्या थरात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं. ते काम बाळंतपणानंतर, आई आणि बाळ दुसरीकडे असताना, जाणकाराकडून करून घ्या. आणि बाळाची खोली सजवायची म्हणून शेवटच्या महिन्यांत नवं व्हिनाइल किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर तर अजिबात नको.

औषधांबाबत मात्र हात आखडता घ्या. काही गोळ्यांच्या आवरणात थॅलेट असतात, म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना पर्याय विचारायचा. दम्याचा इन्हेलर चालू असेल तर तो चालूच राहील. आईचा दमा बिघडला तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो, तो धोका कुठल्याही डब्यापेक्षा मोठा.

थॅलेट मोजायच्या लघवीच्या तपासणीवर पैसे घालवू नका. थॅलेट शरीरातून साधारण एक-दोन दिवसांत बाहेर पडतात, त्यामुळे एकुलत्या नमुन्यात बहुतेक कालपरवाचाच हिशेब दिसतो.