लांब पल्ल्याच्या ट्रेल रनिंगची तयारी कशी करावी: चढाचा, उताराचा आणि विश्रांतीचा हिशेब

सपाट रस्त्यावर अर्धमॅरेथॉन सहज पूर्ण करणारा धावक पहिल्यांदा डोंगरवाटेवर उतरतो, तेव्हा त्याला धाप चढावर लागते, पण त्याचे पाय निकामी होतात ते उतारावर. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी येते आणि माझ्याही ती तशीच आली. पहिल्या तीस किलोमीटरच्या धावेत चढ मी फार जपून केला, माथ्यावर पोहोचल्यावर अवघड भाग संपला असे गृहीत धरले आणि शेवटचे आठ किलोमीटर भरधाव उतरलो. पुढचे तीन दिवस घरचा जिना कठडा धरून उलट्या पावलांनी उतरावा लागला. त्यानंतर सरावाची आखणी बदलली, आणि ती बदललेली आखणीच येथे मांडली आहे.

पायरी पहिली: किलोमीटर मोजणे थांबवावे

आठवड्यातून तीन-चार दिवस, प्रत्येकी सुमारे तासभर, न थांबता धावण्याची सवय काही महिने टिकलेली असेल, तर पन्नास किलोमीटरच्या ट्रेलसाठी १६ ते २४ आठवडे हाताशी ठेवावेत. ही सवय नसेल, तर आधी ती लावून घ्यावी. तिला पर्याय नाही.

डोंगरात अंतर फसवे असते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला होता: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. तो चालणाऱ्यांसाठी होता, त्यामुळे त्यातले आकडे धावकांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. परंतु चढाचा हिशेब अंतरापासून वेगळा मांडावा हे त्यातले तत्त्व आजही पक्के आहे. म्हणून सरावाच्या वहीत चार रकाने आखावेत: किती वेळ धावलो, किती मीटर चढलो, किती मीटर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे होते. चौथा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण काही महिन्यांनी सर्वांत उपयोगी ठरतो तोच.

यानंतर ज्या स्पर्धेची तयारी करायची आहे, तिच्या एकूण चढाला एकूण अंतराने भागावे. आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुप्रसिद्ध शर्यत सुमारे १७० किलोमीटरची आहे आणि तिच्यात जवळपास १०,००० मीटर चढ आहे. म्हणजे दर किलोमीटरला साधारण ६० मीटर. आपल्या स्पर्धेचे गुणोत्तर काढून आठवड्यातील लांब धाव हळूहळू त्या गुणोत्तरापर्यंत न्यावी.

पायरी दुसरी: चढावर चालायला शिकावे

चढ तीव्र झाला की धावण्याचा आणि झपाझप चालण्याचा वेग जवळपास सारखाच राहतो, पण चालताना दम कमी खर्ची पडतो. त्यामुळे चालणे म्हणजे हार मानणे नव्हे. तेही एक कौशल्य आहे आणि त्याचाही सराव करावा लागतो. पावले आखूड टाकावीत, कमरेतून वाकून पडू नये आणि फारच खडे चढण लागल्यास तळहात मांड्यांवर रेटून शरीर वर ढकलावे. काठ्या वापरायच्या असतील, तर त्या सरावापासूनच वापराव्यात, कारण ऐन स्पर्धेत पहिल्यांदा हाती घेतलेली काठी पायांतच जास्त येते.

आठवड्यातील बहुतांश धावणे अशा गतीने व्हावे की बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. ही गती अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि नेमके तेच लोक दोन महिन्यांत दुखापत घेऊन बसतात. पहिले चार आठवडे झाल्यावर आठवड्यातून एकदा जोराचा सराव घ्यावा: तीन मिनिटे दमदार चढ, मग सावकाश खाली, असे चार ते सहा वेळा.

पायरी तिसरी: उतार औषधासारखा मात्रेने घ्यावा

उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, म्हणजे तो ब्रेकचे काम करतो. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि स्नायूंची ताकद काही दिवस घटलेली राहते. हृदय व फुप्फुसे कितीही तयार असली, तरी ही इजा त्यांना टाळता येत नाही. दिलाशाची गोष्ट अशी की, एकदा ही इजा होऊन भरून निघाली की तेवढाच उतार पुढच्या वेळी पुष्कळच कमी दुखवतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. उताराच्या सरावाचा सगळा पाया हाच आहे.

म्हणून सुरुवातीला आठवड्यातून एकदाच, सौम्य उतारावर, एकूण दहा मिनिटे धावावे. दुसऱ्या दिवशीचे दुखणे बेताचे असेल, तर पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवावीत. जिना नकोसा वाटत असेल, तर वाढवू नयेत. दोन महिन्यांत लांब, खडकाळ उतारापर्यंत पोहोचावे. शेवटचा मोठा उतार स्पर्धेच्या दोन ते तीन आठवडे आधी घ्यावा, म्हणजे इजा भरून निघते आणि संरक्षण शिल्लक राहते.

तंत्राचेही थोडे पाहावे. घाबरलेला धावक मागे रेलतो, टाच पुढे रोवतो आणि बारीक खडीवर नेमका त्याच टाचेवरून घसरतो. त्याऐवजी धड किंचित पुढे असावे, पावले आखूड व भराभर पडावीत, पाऊल शरीराच्या खाली टेकावे आणि तोल सावरण्यासाठी कोपरे बाहेर मोकळी सोडावीत. नजर बुटांवर न ठेवता तीन ते पाच मीटर पुढे ठेवावी. पायाखालचा दगड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जवळ डोंगर नसेल, तर एका पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच तीन आकडे मोजत खालच्या पायरीकडे न्यावी आणि परत वर यावे. प्रत्येक पायाने दहा-बारा वेळा, आठवड्यातून दोनदा एवढे पुरेसे आहे. दिसायला हा व्यायाम क्षुल्लक आहे, पण त्याचा परिणाम मात्र तसा नाही.

पायरी चौथी: सरावालाही उतार द्यावा

सलग तीन आठवडे थोडे थोडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात एकूण वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी करावा. दम लवकर तयार होतो, स्नायू त्यामागोमाग येतात, पण कंडरा व हाडे यांना त्याहून पुष्कळ जास्त काळ लागतो. त्यामुळे दोन महिन्यांनंतर, जेव्हा सर्व काही सुरळीत वाटू लागते, तेव्हाच खरी जपण्याची वेळ असते.

ठरवलेल्या विश्रांतीशिवाय न ठरवलेले पडते आठवडेही येतील. सकाळची नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा वाढलेली असणे, झोप मोडणे, विनाकारण चिडचिड होणे, ओळखीचा चढ अचानक जड वाटणे, यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की दोन दिवस पूर्ण थांबावे. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात भरून काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वहीतला रिकामा रकाना तसाच राहू द्यावा.

दोन्ही पायांच्या स्नायूंत सारखेच असलेले आणि हालचालीने मोकळे होणारे दुखणे सरावाचे असते. याउलट नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एकाच बिंदूत टोचणारे, धावताना वाढत जाणारे आणि रात्रीही जाणवणारे दुखणे हाडाला बारीक तडा गेल्याचे लक्षण असू शकते. तिथे धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. वारंवार असे होत असेल किंवा मासिक पाळी अनियमित होत असेल, तर खाणे अपुरे पडते आहे का हेही तपासून घ्यावे.

पायरी पाचवी: पोटालाही सराव द्यावा

स्नायू व यकृतात साठलेली साखर काही तासांतच संपत येते. अडीच तासांपर्यंतच्या धावेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. त्याहून लांब धावेत ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, पण पोटाला सवय असेल तरच. म्हणून स्पर्धेत जे खायचे, तेच लांब धावेत, त्याच अंतराने खाऊन पाहावे.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तहान नसताना पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. धावताना वजन वाढणे, मळमळणे, डोके दुखणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. दुखू नये म्हणून धावेच्या आधी किंवा दरम्यान आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, कारण आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांना त्या अपाय करू शकतात.

शेवटचे आठवडे आणि त्यानंतर

स्पर्धेपूर्वीचे अखेरचे दोन-तीन आठवडे सोडून त्याआधीच्या महिन्यात दोन-तीन वेळा शनिवारी चार तास आणि रविवारी दोन तास अशी जोडधाव घ्यावी, म्हणजे थकलेल्या पायांनी धावण्याची ओळख होते. स्पर्धा रात्रीत जाणार असेल, तर हेडटॉर्च लावून एक-दोन धावा अंधारातही कराव्यात, कारण टॉर्चच्या उजेडात दगडांची उंची नीट कळत नाही. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आदळतात. म्हणून नखे वेळेवर कापावीत आणि बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी.

अखेरचे दोन-तीन आठवडे वेळ कमी करत न्यावा, मात्र थोडा जोराचा सराव चालू ठेवावा. या काळात रोज नवी जागा दुखते असे वाटू लागते. त्यातले बरेचसे धाव सुरू झाल्यावर विसरायला होते.

स्पर्धेतला पहिला उतार मुद्दाम हात राखून उतरावा, भले मागचे दहा जण पुढे निघून जावोत. धाव संपल्यावर, दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता आला तरीही, किमान आठवडाभर धावू नये. फक्त चालावे, आणि वहीचा चौथा रकाना तेवढा रोज भरावा.