‘आध्यात्मिक’ या रकान्यात काय लिहायचं?

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स पदवी, करून मी पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) घरी जाणाऱ्या होमकेअर टीममध्ये लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात चार पानी फॉर्म आला. शारीरिक, मानसिक, सामाजिक, आणि सगळ्यात शेवटी दोन ओळींची जागा ठेवलेला ‘आध्यात्मिक’ हा रकाना. पहिल्या पंधरा-वीस घरांत मी तिथे एकच वाक्य लिहिलं: ‘धर्म हिंदू, अडचण नाही.’ एक-दोन ठिकाणी ‘मुस्लिम, अडचण नाही.’

त्या पंधरा-वीस घरांत एक आजोबा होते. जबड्याचा कॅन्सर, रेडिएशन होऊन गेलेलं, अंगावर मांस म्हणून नाही. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी सुरू होती. पेन स्कोअर (दुखण्याला दहापैकी किती, तो आकडा) आठवरून तीनवर आला होता, तरी माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. झोप नाही, बोलणं नाही. डॉक्टरांनी डोस वाढवून पाहिला. मी माझ्या परीने ‘नैराश्य?’ असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलं.

तिसऱ्या व्हिजिटला आमच्या सिस्टर ड्रेसिंग बदलता बदलता सहज म्हणाल्या, “बाबा, गळ्यावर माळेची रेघ दिसतीय. माळ कुठं गेली?”

आजोबा ढसाढसा रडले. सोळाव्या वर्षी घातलेली तुळशीची माळ. वजन उतरतंय म्हणून आहाराच्या कागदावर कुणीतरी ‘रोज दोन अंडी’ लिहिलं होतं, मुलगा ती दुधात फेटून पाजत होता. माळकऱ्याच्या पोटात अंडं गेलं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली होती. “रोगाचं काय न्हाय ओ ताई. पर आता इठ्ठलाला काय तोंड दावू?”

आहाराचा कागद बदलायला एक फोन पुरला. मुगाचं कढण, दूध, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं बारीक कूट. पण माळ परत घाला, हे सांगायचा अधिकार ना माझा होता, ना डॉक्टरांचा. मुलाने त्यांच्या दिंडीच्या महाराजांना बोलावलं. ते आले, दहा मिनिटं बसले, माळ घातली आणि चहा पिऊन गेले. त्या रात्री आजोबा शांत झोपले, असं सांगून गोष्ट गोड करता येईल. खरं तर झोप लागायला आणखी चार दिवस लागले आणि बद्धकोष्ठाचं औषधही वाढवावं लागलं. पण ते भिंतीकडून आमच्याकडे वळले.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी ‘टोटल पेन’ म्हणजे समग्र वेदना ही कल्पना मांडली. शरीराचं दुखणं, मनाचं, घरादाराचं आणि जगण्याच्या अर्थाचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. एमएसडब्ल्यूला असताना मी ते पाठ करून मार्क मिळवले होते. कळलं मात्र त्या दिवशी.

आता या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी नोकरीचं बोलू. ‘आध्यात्मिक आधार देणारा’ अशी जाहिरात आपल्याकडे शोधू नका. इंग्लंड-अमेरिकेत रुग्णालयाचा पगारी चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा माणूस, असतो. इथे ते काम समाजसेवक, सिस्टर, समुपदेशक, कधी कधी गाडीचा ड्रायव्हरसुद्धा करतो. (आमच्या ड्रायव्हरकाकांशी पेशंटचे मुलगे जे बोलतात, ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत.) मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं, तो देशातला पहिला हॉस्पिस. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२चा. पगार थोडा, जागा बऱ्याचशा कंत्राटी. घरी आधी सांगून ठेवा. एमएसडब्ल्यूला वैद्यकीय आणि मनोसामाजिक विषय घेतलात तर उत्तम. डॉक्टर-नर्स असाल तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. आणि जमलं तर आठवडाभर केरळात जाऊन या. कोळिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या कामातून तिथे गावोगाव स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, २००८ साली राज्याने धोरणही केलं. रिक्षावाला, शिक्षक, मशिदीतले चाचा एकाच पेशंटच्या घरी पाळीपाळीने जातात. आपल्याकडे भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, बुद्धविहार आहे, चर्चमधला पॅरिश गट आहे. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

हे ‘विचारणं’ मला एका मावशींनी शिकवलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, रक्तस्राव थांबत नव्हता. मी विचारलं, देवाधर्माचं काही करता का? “आठ महिने झाले, देव्हाऱ्याकडं फिरकले नाही.” मला वाटलं, देवावर रागावल्या असतील, आपल्या पुस्तकात तसं असतं. तसं नव्हतं. अंगावरून जातंय म्हणजे त्यांच्या हिशेबी रोजचाच विटाळ. दिवा सून लावायची, या दारातून बघायच्या.

माझ्या तोंडात भाषण तयार होतं. विटाळ-बिटाळ काही नसतं, ही जखम आहे, पाळी नव्हे, वगैरे. मी थोडंसं दिलंही. मावशी मान हलवत राहिल्या, आणि पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासमोर देवाचं नावसुद्धा काढलं नाही. माझं बरोबर होतं आणि उपयोग शून्य झाला होता.

मग मी त्यांच्या सुनेला विचारलं, सासूबाई आधी कुणाबरोबर भजनाला जायच्या? गल्लीतल्याच एक आजी निघाल्या. त्या आल्या, मावशींच्या खाटेवरच बसल्या, आणि म्हणाल्या, “नामाला गं कसला विटाळ? तोंडानं घे की.” माझ्या भाषणातलंच हे वाक्य होतं म्हणा. पण ते त्यांच्या माणसाच्या तोंडून आलं. मावशी देव्हाऱ्याजवळ शेवटपर्यंत गेल्या नाहीत. मात्र दर गुरुवारी चार बायका त्यांच्या खाटेभोवती बसून हरिपाठ म्हणायला लागल्या, आणि घरात वास येतो म्हणून टाळणारी माणसं उंबरा ओलांडू लागली. वासासाठी मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर वापरतात, ती आधीच सुरू केली होती. तीही तितकीच महत्त्वाची, हे विसरू नका.

विचारायचं काय, तर अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ साली बसवलेली चार प्रश्नांची पद्धत जगभर वापरतात: श्रद्धा, तिचं आयुष्यातलं स्थान, सोबतचा समूह आणि आमच्याकडून अपेक्षा. तिचं भाषांतर करून वाचून दाखवलंत तर माणूस जनगणनेवाल्याला द्यावी तशी उत्तरं देतो. मी विचारते: कठीण वेळी आजवर कशाच्या जोरावर उभे राहिलात? आजारपणात काही करायचं राहून गेलं का, बंद पडलं का? कोण आलेलं आवडतं? कोण आलं की नको होतं? यातला दुसरा प्रश्न सोन्याचा.

“मीच का? कुणाचं काय वाईट केलं होतं?” हा प्रश्न तुम्हाला येणारच. उत्तर देऊ नका. कर्माचा सिद्धांत सांगू नका, खोडूही नका. गप्प बसणं पहिली दोन वर्षं भयंकर जड जातं. मी तेव्हा उगीच बीपीचं मशीन काढायचे. आणि दुखणं आठवर असेल तर हा विषयच काढू नका. आधी गोळी, मग गप्पा. अंगारा, ताईत, दर्ग्याचं पाणी यांची चेष्टा करू नका. फक्त गोळी बंद करायला सांगणारा कुणी असेल, तर मात्र घरच्यांशी स्पष्ट बोला. आणि तुमचा स्वतःचा देव, तो असेल वा नसेल, चपलांबरोबर बाहेर ठेवा.

देव न मानणाऱ्यांचा रकानाही रिकामा नसतो. एका निवृत्त मास्तरांना कसलेच विधी नको होते, पण आपण गेल्यावर त्यावरून नातेवाईक सुनेला छळतील, ही चिंता होती. त्यांनी सगळ्यांना बोलावून, विधी नकोत ही आपलीच इच्छा आहे, असं लिहून वाचून दाखवलं. नेत्रदान करायचं होतं, पण कॅन्सर आहे म्हणून चालणार नाही, असं कुणीतरी सांगितलेलं. रक्ताचा किंवा डोळ्याचा कॅन्सर नसेल तर बहुतेकदा चालतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं लागतं. तो फोन नंबर त्यांनी स्वतः खडूने दाराच्या मागे लिहिला, ठळक, शाळेच्या फळ्यावर लिहावा तसा.

माणूस गेल्यावर एअरबेड आणि सक्शन मशीन परत आणायला टीममधलं कुणीतरी जातं. तुम्ही नवीन असाल, तर ही फेरी मागून घ्या. तेराव्याच्या गर्दीत नको, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. तोवर पाहुणे पांगलेले असतात आणि घरचं माणूस बोलायला मोकळं असतं. गाडी लांब उभी करायला सांगा, म्हणजे हॉर्न वाजणार नाही. गादीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक बहुतेकदा घरातलंच कुणी धरतं, आणि बोलायला तिथूनच सुरुवात होते.