कॅमेऱ्याची वाटू नये अशी कॅमेऱ्याची बॅग: घेण्याआधी आणि निघण्याआधी

बॅग बघायला जायच्या आधी घरी जमिनीवर एक चादर टाका आणि रोज खरंच जे घेऊन फिरता तेवढंच तिच्यावर मांडा, अख्खं कपाट नको. मी पहिली बॅग घेताना होतं नव्हतं ते सगळं मावेल अशी घेतली होती, मग जागा आहे म्हणून सगळंच भरून न्यायला लागले, खांदा भरून यायचा तो वेगळाच पण एवढी फुगलेली बॅग चारचौघांत लगेच डोळ्यात भरायची. तर चादरीवर एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), दोन लेन्स, दोन जास्तीच्या बॅटऱ्या, मेमरी कार्डांची डबी, धूळ उडवायचा ब्लोअर, पुसायचं कापड एवढं ठेवा आणि टेप घेऊन मोजा. मोजताना लेन्स बॉडीला लावलेली असू द्या कारण बाहेर काढल्यावर लेन्स लावत बसायला वेळही नसतो आणि गर्दीत ते करूही नये. हूड (लेन्सच्या तोंडाशी लावतात ती ऊन अडवणारी कड) उलटा लावून मोजा. लांबचं जवळ आणणाऱ्या मोठ्या झूम लेन्स, म्हणजे बऱ्याच ७०-२०० एफ २.८ लेन्स, २० सेंटिमीटरच्या आसपास असतात, त्यात बॉडीची जाडी धरा, वर बॅगेतल्या पार्टिशनचा फोम प्रत्येक बाजूला साधारण १ सेंटिमीटर खातो तो धरा. वजन पण करून बघा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीला २४-७० एफ २.८ ही झूम लेन्स लावली की तेवढंच दीड किलोच्या आसपास जातं आणि जाड फोमच्या काही सॅक तर रिकाम्याच दोन किलोच्या असतात.

आता दिसण्याचं. यावर मी जरा जास्तच बोलते पण मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं. बॅग लांबून बघितली की आत काय आहे ते कळता कामा नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणजे बाहेर कॅमेरा कंपनीचं नाव नको, चकचकीत पट्ट्या नकोत, बाजूला ट्रायपॉड अडकवायचे बेल्ट लोंबकळत नकोत (असले तर आत दुमडून ठेवता यायला हवेत), आणि चौकोनी ठोकळ्यासारखा आकार नको कारण तो आकारच चुगली करतो. साधी ऑफिसची किंवा कॉलेजची वाटेल अशी काळी, राखाडी, मळकट हिरवी बॅग उत्तम. रेनकव्हर उघडून बघायला विसरू नका, कितीतरी बॅगा बाहेरून शांत असतात आणि पाऊस आला की त्यातून भडक रंगाचं, भलंमोठं नाव छापलेलं कव्हर निघतं. कॅमेऱ्याचा पट्टाही बघा, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात विणलेला पट्टा बॅगेतून डोकावत असेल तर साध्या बॅगेचा काही उपयोग नाही, साधा काळा पट्टा लावून टाका. ही काही नवी काळजी नाही, प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी टेप चिकटवायचे. आणि इंग्लंडमधली बिलिंगहॅम कंपनी १९७३ मध्ये सुरू झाली ती मासेमारीच्या बॅगा शिवायला, त्या बॅगा फोटोग्राफर लोक कॅमेऱ्यासाठी वापरायला लागले म्हणून कंपनी नंतर या धंद्यात आली. डोमकी कंपनीची एफ-२ ही बॅग पण फोटोग्राफरच्याच गरजेतून आलेली, जिम डोमकी हा स्वतः वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, त्याने १९७६ च्या सुमारास मऊ कॅनव्हासची, अंगाला चिकटून राहणारी झोळीवजा बॅग बनवून घेतली. मऊ बॅग गर्दीत कुणाला लागत नाही आणि नजरेतही येत नाही.

घरात आधीच एखादी चांगली साधी सॅक असेल तर नवीन बॅग घ्यायच्या आधी इन्सर्टचा विचार करा. इन्सर्ट म्हणजे फोमचा पार्टिशनवाला डबा, तो सॅकमध्ये तळाशी बसवायचा, वर जॅकेट किंवा पंचा टाकायचा की झालं. फायदा असा की सॅक बदलली तरी इन्सर्ट तोच राहतो आणि वेळ पडली तर कॅमेऱ्यासकट एका हाताने उचलून बाहेर काढता येतो. तोटा एवढाच की कॅमेरा पटकन हाताशी येत नाही.

आणि खरी गोष्ट इथेच आहे, बॅग कुठल्या बाजूने उघडते. चोरी व्हायला बॅग कापावी वगैरे लागत नाही बहुतेक वेळा, ती उघडी राहिलेली असते किंवा आपल्या पाठीमागे उघडता येत असते. माझ्या सॅकची चेन बाहेरच्या बाजूला होती, एका मिरवणुकीत पाठीवर होती, फोटो काढण्यात मी इतकी गुंतलेले की काहीच कळलं नाही, घरी येऊन बघते तर पुढचा कप्पा अर्धा उघडा आणि फिल्टरचं पाकीट गायब. लेन्सचा कप्पा त्याच्या अगदी शेजारी होता, तो विचार करून अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून मी पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारीच सॅक बघते, म्हणजे अंगावर असेपर्यंत मुख्य कप्प्याला कुणी हातच लावू शकत नाही. तिची अडचण ही की उघडायला उतरवावी लागते, मग जमीन ओली असेल तर पट्ट्यांची बाजू वर ठेवून उघडायची. ज्यांना सारखा कॅमेरा आत-बाहेर करायचा आहे त्यांनी स्लिंग (एका खांद्यावरून तिरकी अडकवायची बॅग) घ्या, गर्दीत पोटावर ओढून घेता येते आणि चेन डोळ्यासमोर राहते. मोठ्या टोटसारख्या, म्हणजे खांद्याला अडकवायच्या पिशवीसारख्या वरून सताड उघड्या बॅगा मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी नको.

चेनबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की छोटं कुलूप लावलं की बॅग सुरक्षित. साध्या कॉइलच्या (प्लास्टिकच्या बारीक वेटोळ्यांच्या दात्यांच्या) चेनमध्ये बॉलपेनचं टोक दाबून घातलं तर दाते फाकतात आणि कुलूप तसंच राहून चेन उघडते, वर स्लायडर (चेन ओढायचे सरकते तुकडे) एकदा मागेपुढे फिरवले की परत बंद पण होते. मग कुलूप लावायचं का नाही, तर लावा, कारण गर्दीत हळूच हात घालणाऱ्याला ते थांबवतं, फक्त त्याच्या भरवशावर बॅग सोडून जाऊ नका. कुलूप नको असेल तर दोन्ही स्लायडर एका छोट्या हुकमध्ये अडकवले तरी चालतं, किंवा स्लायडर एका फ्लॅपखाली लपतात अशी बॅग बघा. कापडात तारेची जाळी आणि पट्ट्यात तार असलेल्या बॅगा मिळतात, ब्लेडने पट्टा कापून पळणाऱ्यांसाठी ते खरंच उपयोगी आहे पण वजन वाढतं, त्यामुळे रोज रेल्वेच्या गर्दीतून जात असाल तर घ्या, नाहीतर चांगली शिवण जास्त कामाची. पट्टा बॅगेला जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुली अशी दुहेरी शिवण आहे का बघा आणि दुकानातच जोर लावून ओढून बघा.

दुकानात जाताना आपलं सामान घेऊन जा, ही लाज बाळगायची गोष्ट नाही. भरा, पाठीवर घ्या, पाच-दहा मिनिटं चाला, वाका, छातीचा पट्टा लावा (तो खांद्यासाठी जेवढा तेवढाच कुणी मागून ओढू नये म्हणूनही कामाचा), बसून बघा. एका हाताने चेन बंद होते का हे नक्की बघा, दोन हात लागत असतील तर तुम्ही ती उघडीच ठेवणार, मी पण ठेवायचे. वेल्क्रो असेल तर कार्यक्रमात, पूजेत, पक्षी बघताना तो कर्रर्र आवाज सगळ्यांच्या माना वळवतो. आतलं अस्तर फिकट रंगाचं असेल तर बरं, काळ्या अस्तरात काळी लेन्सकॅप शोधत बसलं की बॅग तेवढा वेळ उघडी राहते.

विमानाने जाणार असाल तर आपल्या एअरलाइनचं केबिन बॅगेचं माप आणि वजन आधी बघा, बऱ्याच ठिकाणी ७ किलोच चालतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या, टोकं झाकून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला एअरलाइनची वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, २२८० एमएएचची बॅटरी जेमतेम १६ वॉट-अवरची असते, त्यामुळे घाबरू नका. पण गेटवर ऐनवेळी बॅग खाली टाकायला लावली तर सुट्या बॅटऱ्या काढून घ्याव्याच लागतात आणि कॅमेराही काढून घेतलेला बरा, तिथे तो इन्सर्ट देवासारखा धावून येतो.

निघायच्या आदल्या रात्री बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर फोटो काढून मेलवर ठेवलेत ना बघा, विमा असो नाहीतर पोलिसांत तक्रार, पहिला प्रश्न तोच येतो. ट्रॅकर (बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारी एअरटॅगसारखी चकती) टाकायचा असेल तर वरच्या खिशात नको, फोमच्या मागे किंवा अस्तराच्या आत टाका आणि तारीख लिहून ठेवा, एअरटॅगची सीआर२०३२ बॅटरी साधारण वर्षभर चालते. भरलेली कार्डं बॅगेत ठेवायचीच नाहीत, अंगावरच्या कपड्यांच्या चेनवाल्या खिशात ठेवायची, कारण कॅमेरा परत घेता येतो, कुणाच्या आजीचा शेवटचा फोटो परत काढता येत नाही. चहाला बसलात की बॅगेचा पट्टा पायात किंवा खुर्चीच्या पायात अडकवा. गाडीत ठेवणं भागच असेल तर पोचायच्या आधीच कुठेतरी थांबून डिकीत टाका, पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर नको.

आणि घरातून निघताना भरलेली बॅग उघडी ठेवून मोबाइलवर वरून एक फोटो काढा. काम संपल्यावर तिथून हलायच्या आधी त्या फोटोशी बॅग ताडून बघायची, एकेक कप्पा, अर्धं मिनिट पण लागत नाही, आणि मगच चेन लावायची.