लाळेतलं विकर स्टार्चला कसं धरतं: बशीत पाहण्याचा प्रयोग

लाळेत अल्फा ॲमिलेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) असतं आणि स्टार्च हा त्याचा सब्स्ट्रेट, म्हणजे ते ज्यावर काम करतं तो पदार्थ. त्यांची पकड जमते कशी आणि सुटते कशाने, हे घरीही तपासता येतं.

1 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवा, 100 मिली उकळत्या पाण्यात ओता आणि मिनिटभर ढवळत शिजवा. कच्च्या स्टार्चचे दाणे घट्ट असतात, विकराला त्यातली ग्लुकोजची साखळी सहजी गवसत नाही. खळ कोमट होईपर्यंत थांबा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: गरम खळीत लाळ पडली की विकर निकामी.

चूळ भरून 10 मिली पाणी मिनिटभर तोंडात घोळवा, वाटीत घ्या. पांढऱ्या बशीत पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब ओळीने ठेवा. परीक्षानळीत 5 मिली खळ आणि 1 मिली लाळ घालून ती 37 अंशांच्या पाण्यात धरा. दर 30 सेकंदांनी त्यातला थेंब आयोडीनवर सोडा. काळानिळा, जांभळट, तांबूस, शेवटी नुसता पिवळा. आयोडीन स्टार्चच्या मळसूत्रात शिरून निळं दिसतं. साखळी तुटली की बसायला जागाच उरत नाही. पहिलाच थेंब पिवळा आला तर लाळ दहापट पातळ करा.

ॲमिलेजच्या रेणूला एक लांबट खाच असते. साखळीतल्या ग्लुकोजच्या कड्या तिथे हायड्रोजन बंधांनी अडकतात, आणि ॲस्पार्टेट 197, ग्लुटामेट 233, ॲस्पार्टेट 300 ही अमिनो आम्लांची तिकडी (आकडे म्हणजे विकराच्या साखळीतला त्यांचा क्रमांक) कड्यांमधला बंध तोडते. रसायनशास्त्रज्ञ फिशर यांनी 1894 मध्ये या पकडीला कुलूप-किल्लीची उपमा दिली: विकर कुलूप, सब्स्ट्रेट किल्ली. जीवरसायनशास्त्रज्ञ कोशलँड यांनी 1958 मध्ये मांडलं की कुलूपही किल्लीनुसार वळतं. हात घातल्यावर मोजा आकार घेतो, तसं.

आता पकड मोडून पाहा. लाळ उकळून गार करा: खाचेची घडीच उलगडते, थेंब निळेच राहतात. दुसरी नळी बर्फात ठेवा: काम मंदावतं, पण कोमट पाण्यात आणली की पुन्हा सुरू होतं, कारण घडी शाबूत असते. तिसऱ्या नळीतल्या लाळेत आधी 5 थेंब व्हिनेगर घाला: तिकडीवरचा विद्युतभार बदलतो, तोडणं थांबतं. इथे लिंबू मात्र नको. त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग उडवतं आणि स्टार्च पचल्याचा भास होतो.

कापूसही ग्लुकोजचीच साखळी, पण तिचे बंध बीटा पद्धतीचे, म्हणजे कड्या स्टार्चपेक्षा (तिथे अल्फा) वेगळ्या दिशेने जोडलेल्या. लाळेत तासभर भिजवून बेनेडिक्ट द्रावणात (सुटी झालेली साखर ओळखणारं निळं द्रावण) उकळला तरी तांबडा रंग येत नाही. खाचेत ती साखळी बसतच नाही.