दारूच्या खेळातले प्रश्न गप्पांसाठी कसे वापरावेत

‘नेव्हर हॅव आय एव्हर’ बहुतेकांनी कॉलेजात खेळलेला, निदान पाहिलेला असतो. गोल करून बसायचं, एकाने म्हणायचं, “मी कधीच विनातिकीट लोकलने गेलेलो नाही,” आणि जे गेलेत त्यांनी एक घोट घ्यायचा. पिण्याला निमित्त म्हणून खेळ झकास आहे. गप्पांच्या मात्र तो आड येतो. कोणी ग्लास उचलला की सगळे “ओहो!” करतात आणि लगेच पुढचा प्रश्न. कोण कुठल्या स्टेशनवर सापडलं, टीसीला काय थाप मारली, हे ऐकायचं राहूनच जातं.

प्रश्नांत काही खोट नाही. दोन नियम बदलले की त्याच प्रश्नांवर रात्र निघते.

आधी वाक्य उलटं करा

मूळ खेळात विचारणारा काठावर उभा असतो. जे आपण केलेलं नाही तेच तो म्हणतो, त्यामुळे त्याला काही सांगावं लागत नाही. मग प्रश्न हळूहळू सापळे होतात, खासकरून कोणाचं जुनं प्रकरण ग्रुपला ठाऊक असेल तर. म्हणून “मी कधीच केलं नाही” ऐवजी “मी हे केलंय, अजून कोणी?” असं म्हणायचं. स्वतःबद्दल पहिलं सांगणारा विचारणाराच. आपलं काहीतरी उघडं करून विचारलं की समोरचा सहज बोलतो, आणि कुत्सित प्रश्न आपोआप गळतात.

मग घोटाच्या जागी गोष्ट आणा

प्रत्येकाने दहा बोटं वर धरायची. ज्याने ते केलंय त्याने एक बोट मिटायचं. बोटं मिटलेल्यांपैकी एकाने, विचारणारा ज्याला सांगेल त्याने, दोन मिनिटांत किस्सा सांगायचा. किस्सा संपला की बाकीच्यांपैकी कोणीतरी त्यातूनच निघालेला एक प्रश्न विचारायचा: “मग घरी काय सांगितलंस?” एवढा साधाही चालतो. हा एक प्रश्न झाल्याशिवाय पुढची पाळी नाही. माझ्या मते सगळ्या खेळात हाच नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपलं कोणीतरी ऐकलं हे सांगणाऱ्याला त्यातूनच कळतं.

बोटांचा आणखी एक फायदा असा, की ग्लासात बिअर आहे की कोकम सरबत, याला काही अर्थ राहत नाही. न पिणारा मित्र कोपऱ्यात शेंगदाणे खात बसत नाही. ज्याचा श्रावण चालू आहे तोही खेळात असतो.

चिठ्ठ्या: इथे वेळ घालवा

इंटरनेटवरच्या तयार याद्या घेऊ नका. त्यातले निम्मे प्रश्न अंथरुणाभोवती फिरतात आणि उरलेले अमेरिकेतल्या हायस्कूलचे असतात. प्रॉमच्या, म्हणजे तिथल्या शाळांतल्या वर्षअखेरीच्या नाच-पार्टीच्या, रात्रीचं आपल्याला काय करायचंय? प्रत्येकाने दोन-तीन चिठ्ठ्या स्वतः लिहायच्या आणि डब्यात टाकायच्या. कोणाच्याही हाती कोणाचीही चिठ्ठी येईल. लागू असेल तर वाचायची, नसेल तर परत टाकून दुसरी काढायची. चांगल्या चिठ्ठीत नेमकी कृती असते. “मी खोटं बोललोय” यावर सगळेच बोटं मिटतील आणि कोणीच काही सांगणार नाही. याउलट हे बघा:

– भाड्याने घर मिळावं म्हणून मी शाकाहारी असल्याचं सांगितलंय.
– बायोडाटात उंची एखाद-दोन इंच वाढवून लिहिलीय.
– ओळख नसताना लग्नात जेवून आलोय, आणि आहेरही दिला नाही.
– नोकरी सोडल्याचं घरी महिनाभर सांगितलं नव्हतं.
– आई-वडिलांच्या फोनवर “मीटिंगमध्ये आहे” म्हणून कट केलाय आणि नंतर वाईट वाटलंय.

पहिल्या तिघांवर हशा पिकतो. शेवटच्या दोघांवर ग्रुप जरा शांत होतो आणि खरं बोलणं सुरू होतं. पण शेवटची चिठ्ठी पहिल्यांदा निघाली तर कोणी तोंडच उघडणार नाही. त्यामुळे दोन डबे ठेवा, हलक्यांचा आणि जडांचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना 36 प्रश्न 45 मिनिटांत एकमेकांना विचारायला दिले होते. सुरुवात ‘जेवायला कोणाला बोलवाल’ इथपासून, शेवट स्वतःची एखादी अडचण सांगून सल्ला मागण्यापर्यंत. प्रश्न पायरी-पायरीने खोल जात होते आणि उत्तर दोघांनीही द्यायचं होतं. नुसत्या किरकोळ गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना जवळीक जास्त वाटली. आपल्या दोन डब्यांमागेही तेच गणित आहे.

“सगळ्यात जास्त शक्यता कोणाची?”

हा दुसरा खेळ जपून खेळा. “आपल्यात आधी गावी परत कोण जाईल?” असं विचारायचं आणि तीन म्हणताच सगळ्यांनी एकाकडे बोट दाखवायचं. बोट दाखवणाऱ्याने कारण सांगायचं, आणि ज्याच्याकडे जास्त बोटं वळली त्याला शेवटचं बोलू द्यायचं. यातून आपल्याबद्दल मित्रांना काय वाटतं ते भलतंच छान कळतं. पैसा, लग्न, दिसणं या तीन गोष्टींवर मात्र बोट दाखवणं नको. सहा जणांनी एकदम “हा लग्नाचा राहणार” म्हणून दाखवलेलं बोट गमतीत विरत नाही.

बाकीचं थोडक्यात

पाच ते सात जण पुरेत. जास्त असतील तर दोन गट करा, नाहीतर पाळी येईपर्यंत लोक पेंगतात. ‘पास’ म्हणायचा हक्क सगळ्यांना, आणि त्यावर “का रे?” विचारायचं नाही. मोबाइलवर कोणी रेकॉर्ड करत नाही ना, हे आधीच बोलून घ्या. खेळ पहिल्या ग्लासाबरोबर सुरू करा. तिसऱ्यानंतर लोक बोलतात खूप, ऐकत कोणीच नाही.

पिणार असाल तर, महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21 आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. गोव्यात ही मर्यादा 18 आहे, त्यामुळे ट्रिपला गेलेल्यांचा हिशेब चुकतो. परतीची गाडी न प्यायलेल्याच्याच हाती द्या. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे.

खेळ कधी थांबवायचा? एखाद्या किश्शावरून दुसरा निघाला, दोघं-तिघं आपापसांत बोलू लागले आणि “पाळी कोणाची?” हे विचारायचं कोणालाच सुचत नाही, तेव्हा. हौशी यजमान नेमकं त्याच वेळी “चला, पुढची चिठ्ठी!” म्हणून टाळ्या वाजवतो. तसं करू नका. डब्याला झाकण लावा; उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी चालतील.